खोटी गोष्ट, खरा दाखला

मागच्या भागात आपण शहाजीराजांच्या बंगळुरूत होतो. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेने हे गाव घेतलं, ते शहाजीराजांना जहागिरीत मिळालं आणि मराठी भाषा इथे मुक्कामाला आली, तो सगळा इतिहास आपण पाहिला. आजही सुरुवात बंगळुरूतूनच करतोय, पण या वेळी किल्ला नाही, दरबार नाही. एक शंभर पानी वही आहे.

आम्ही काही मराठी ख्रिस्ती कुटुंबं महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमतो. कुणी अहमदनगरचं, कुणी बेळगावचं, कुणी सोलापूरचं. प्रार्थना मराठीत, नंतर चहा आणि गप्पा तीन भाषांत. त्यातली एक मुलगी आठवीत आहे. तिने एक गोष्ट लिहिली होती. इथलं बेळ्ळंदूरचं तळं तुम्हाला बातम्यांतून माहीत असेल. पाण्यावर साबणासारखा फेस येतो, आणि २०१५ मध्ये त्या फेसाने चक्क पेट घेतला होता. २०१७ मध्ये पुन्हा तळ्यावर धूर झाला. या मुलीच्या गोष्टीत पुढच्या शतकातली एक पोरगी त्या जळत्या तळ्याकाठी उभी आहे. मोशेला झुडूप जळताना दिसलं, पण ते भस्म होत नव्हतं. हिला तळं जळताना दिसतं आणि त्या आगीतून तळं तिच्याशी बोलायला लागतं. काय बोलतं? विचारतं, की मी तुमची तहान भागवली, तुम्ही माझं काय केलंत?

मला गोष्ट फार आवडली. पण गटातल्या एका ज्येष्ठ माणसाने वही परत देताना तिला सांगितलं, "बाळ, जे बायबलमध्ये नाही ते लिहायचं कशाला? देवाच्या नावावर खोट्या गोष्टी रचू नयेत." माणूस वाईट नाही. मनापासून बोलले. पण त्या दिवसापासून तिने वही बंद केली. महिनाभराने मला विचारलं, "काका, खोटी गोष्ट लिहिणं पाप असतं का?"

मी इतिहासवाला माणूस. माझ्याकडे थेट उत्तर नव्हतं, पण एवढं माहीत होतं की हा प्रश्न मराठीत पहिल्यांदा विचारला जात नाहीये. गेली चारशे वर्षं तो वेगवेगळ्या तोंडांनी विचारला गेलाय. आज त्या चारशे वर्षांतून एक फेरी मारू आणि शेवटी त्या वहीकडे परत येऊ.

झाडं राजा निवडतात

आधी एक साधी गोष्ट बघू. बायबलमध्ये कल्पित गोष्टी आहेत का? आहेत, आणि भरपूर आहेत.

शास्ते नावाच्या पुस्तकात, नवव्या अध्यायात, योथाम नावाचा तरुण डोंगरावर उभा राहून लोकांना एक गोष्ट सांगतो. झाडांना वाटलं, आपल्यालाही राजा हवा. ती जैतुनाकडे गेली. जैतून म्हणालं, माझं तेल सोडून मी तुमच्यावर डोलायला कशाला येऊ? मग अंजिराकडे गेली, मग द्राक्षवेलीकडे. सगळ्यांनी नकार दिला, कारण प्रत्येकाला आपापलं काम होतं. शेवटी ती काटेरी झुडपाकडे गेली. ते लगेच तयार झालं, आणि वर धमकीही दिली: माझ्या सावलीत या, नाहीतर मी आग होईन. आता झाडं बोलत नाहीत, हे योथामला माहीत होतं आणि ऐकणाऱ्यांनाही. तरी कुणी उठून म्हटलं नाही की हा खोटं बोलतो. कारण ज्याने भावांचे खून पाडून राज्य बळकावलं होतं, तो काटेरी झुडूप कोण, ते सगळ्यांना बरोबर कळलं होतं.

दुसरं उदाहरण नाथान संदेष्ट्याचं. दावीद राजाने एका माणसाची बायको बळकावली आणि त्या माणसाला युद्धात मारवलं. नाथानाने त्याला सरळ दोष दिला नाही. एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंताकडे शेकडो मेंढ्या होत्या, शेजारच्या गरिबाकडे एकच, लेकरासारखी वाढवलेली. श्रीमंताकडे पाहुणा आला, तेव्हा त्याने त्या गरिबाचीच मेंढी कापली. राजा संतापला, म्हणाला, असल्या माणसाला जगू देऊ नये. तेव्हा नाथानाने सांगितलं की महाराज, तो माणूस आपणच. ना ती मेंढी खरी होती, ना तो श्रीमंत. पण दावीद त्या खोट्या गोष्टीत सापडला. खऱ्या आरोपातून त्याने पळवाट काढली असती.

आणि येशू? उधळ्या मुलगा, चांगला शोमरोनी, पेरणी करणारा. हे सगळे रचलेले लोक आहेत. मराठी बायबलमध्ये अशा गोष्टीसाठी जो शब्द आहे तो लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. तो शब्द आहे 'दाखला'.

मराठी माणसाला हे नवीन नव्हतंच. येशूच्या दाखल्यांचं मराठी भाषांतर व्हायच्या कितीतरी आधी, तेराव्या शतकात, चक्रधरस्वामी दृष्टांत देत होते. केसोबासांनी त्यांतले ११४ दृष्टांत एकत्र केले, तो 'दृष्टांतपाठ'. आंधळे हत्ती चाचपतात ती गोष्ट त्यात आहे. ते आंधळे कुठल्या गावचे होते, असं कुणी विचारलं नाही.

"मग आम्हाला पुराण द्या"

आता चला गोव्याला. १५७९ च्या ऑक्टोबरात थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री गोव्यात उतरला. पुढची चाळीस वर्षं तो इथेच राहिला आणि १६१९ मध्ये इथेच वारला. त्याचा बराच काळ साष्टीत गेला.

ती साष्टी शांत नव्हती. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय आलं. १५६७ मध्ये साष्टीतली देवळं पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइट मारले, आणि त्याचा सूड म्हणून पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांना बोलावून घेऊन ठार केलं. लोकांच्या घरातल्या पोथ्या जप्त होत होत्या. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात आजही रोमन लिपीत उतरवलेल्या रामायण-महाभारताच्या कोकणी कथा आहेत. पाद्र्यांनी त्या भाषा शिकण्यासाठी लिहून घेतल्या. म्हणजे ज्या गोष्टी लोकांना घरी वाचायची बंदी होती, त्या पाद्री अभ्यासाला वापरत होते.

या पार्श्वभूमीवर १६१६ मध्ये राचोलला 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. पहिलं पुराण जुन्या कराराचं, दुसरं येशूच्या चरित्राचं. भाषा मराठी, छंद ज्ञानेश्वर-एकनाथांचा, लिपी मात्र रोमन, कारण छापखान्यात देवनागरी खिळे नव्हते. मराठी भाषेचं कौतुक करणाऱ्या त्यातल्या ओव्या आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केल्या असतील.

पण मला आज त्या कौतुकाबद्दल बोलायचं नाहीये. मला त्या पुराणाच्या सुरुवातीबद्दल बोलायचंय. रविवार आहे. पाद्री मुलांना धर्मशिक्षण देतोय. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पुढे येतो आणि म्हणतो, की तुम्ही जे शिकवता ते चांगलंच आहे, पण आमची आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं पुराण का देत नाही?

या मागणीवर जरा थांबा. पाद्री लोकांना काय देत होते? प्रश्नोत्तरं. देव किती? एक. त्याने जग कशापासून केलं? अशी पाठ करायची प्रश्नोत्तरं. स्टीफन्सनेही कोकणीत तशी पुस्तिका लिहिली, ती त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापली गेली. पण हा ब्राह्मण म्हणतो, उत्तरं मिळाली, गोष्ट कुठाय? संध्याकाळी दिवा लावल्यावर घरात काय वाचू? म्हातारीला काय ऐकवू? नियम पाठ करून माणूस शिस्तीत राहील, पण रात्र कशी काढेल?

आणि स्टीफन्सची हुशारी बघा. आपल्या पुराणांची रीतच अशी की आधी कुणीतरी विचारतं, मग कथा सुरू होते. नैमिषारण्यात शौनक विचारतो, मग सूत सांगतो. स्टीफन्सने तीच चौकट उचलली. अधूनमधून श्रोते शंका काढतात आणि कथा पुढे सरकते. स्वर्गाला त्याने वैकुंठ म्हटलं. देवदूतांची निर्मिती, त्यांच्यातल्या एकाचा गर्व, त्याचं पतन, हा सगळा अद्भुत प्रकार त्याने ओवीत आणला. इंग्रजीत मिल्टनचं 'पॅरडाइज लॉस्ट' आलं १६६७ मध्ये. त्याआधी एकावन्न वर्षं एका इंग्रज माणसाने सैतानाच्या पतनाची कथा मराठीत सांगून ठेवली होती.

आता दोन बाजू समोर ठेवतो. एक बाजू म्हणते, हे पुराण म्हणजे बळजबरीला लावलेलं गोड बोट आहे. देवळं पाडली, पोथ्या काढून घेतल्या, आणि मग त्याच ओवीत स्वतःची गोष्ट भरली. ही बाजू नाकारता येत नाही. मी ख्रिस्ती आहे म्हणून नाकारणं तर अजिबात बरोबर नाही. दुसरी बाजू अशी, की ज्यांच्याकडून गोष्टी काढून घेतल्या होत्या त्यांनीच गोष्ट मागितली, आणि मिळाल्यावर ती आपली करून टाकली. राज्यकर्त्यांना ते मानवलं नाही. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढलं की तीन वर्षांत लोकांनी स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. क्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तीन आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही.

मग पुराण वाचलं कसं? हाताने लिहून. गोव्यातून कारवार, मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या नकला सोबत नेल्या आणि घरात वाचत राहिले. त्या हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये जे. एल. सल्डाणा यांनी मंगळूरला ते पुन्हा छापलं. लंडनच्या मार्सडेन संग्रहात देवनागरीतलं हस्तलिखित मिळालं. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून देवनागरी आवृत्ती काढली. आणि २०१२ मध्ये फादर नेल्सन फाल्काव यांची इंग्रजी अनुवादासह आवृत्ती निघाली, ती कुठून? आमच्या बंगळुरूतून, क्रिस्तू ज्योती प्रकाशनाकडून. गोव्यात जन्मलेलं मराठी पुराण जगलं ते कर्नाटकात. ज्या पोथीला सरकारचा आधार नाही, छापखाना नाही, ती लोक अडीचशे वर्षं हाताने उतरवून काढतात, ते केवळ पाद्री सांगतो म्हणून नव्हे. त्यांना ती गोष्ट हवी असते म्हणून.

तुरुंगातलं स्वप्न आणि मुंबईचा यात्रिक

दोन शतकं पुढे येऊ. १८४१ साली मुंबईत 'यात्रिक क्रमण' नावाचं पुस्तक आलं. कर्ते हरि केशवजी. हे जॉन बन्यनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'चं मराठी रूप. मराठीतल्या भाषांतरित कादंबऱ्यांचा इतिहास सांगताना पहिलं नाव याचंच घेतलं जातं.

बन्यन भांड्यांना कल्हई-डाग करणारा इंग्लंडमधला कारागीर. परवानगीशिवाय प्रवचन केलं म्हणून १६६० मध्ये तुरुंगात गेला तो बारा वर्षं आत राहिला. १६७८ मध्ये हे पुस्तक आलं. सगळं पुस्तक म्हणजे एक स्वप्न. पाठीवर ओझं असलेला माणूस घर सोडून निघतो. वाटेत निराशेची दलदल लागते, शंकेचा किल्ला लागतो, त्यात एक राक्षस राहतो, एका गावात असा बाजार भरतो की तिथे मान, पदवी, सुख सगळं विकत मिळतं.

आणि आता आपल्या प्रश्नाशी जुळणारी गोष्ट. बन्यनने पुस्तकाच्या सुरुवातीला पद्यात एक खुलासा लिहिलाय. त्यात तो सांगतो, की मी हे मित्रांना दाखवलं तर काही म्हणाले छाप, काही म्हणाले छापू नकोस. का नको? कारण हे रचलेलं आहे, यात रूपकं आहेत, धर्माची गोष्ट अशी आडवळणाने सांगायची नसते. बन्यनचं उत्तर थोडक्यात असं, की संदेष्टे आणि येशू स्वतः असेच बोलले, मग मला का अडवता? आमच्या गटातल्या काकांची शंका बन्यनच्या मित्रांनाही आली होती. साडेतीनशे वर्षं झाली, शंका अजून ताजी आहे.

हरि केशवजींनी 'यात्रिक' हा शब्द निवडला, त्याचंही मला कौतुक वाटतं. पायी चालत जाणं, ऊन-पाऊस सोसणं, वाटेत भले-बुरे लोक भेटणं, आणि शेवटी ज्याच्यासाठी निघालो त्याचं दर्शन. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. दरवर्षी आषाढात तो ते करतो. बन्यनला पंढरपूर माहीत नव्हतं. पण त्याचं पुस्तक वाचणाऱ्या मराठी वाचकाला ती वाट ओळखीची होती.

वाळूवरचा वाद आणि यमुनेचा प्रवास

१८५७ हे वर्ष आपण बंडाचं म्हणून लक्षात ठेवतो. त्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर दुसरीच लढाई चालू होती. विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वादविवाद होत. लोक ऐकायला गर्दी करत. खरा धर्म कुणाचा, शास्त्र काय म्हणतं, अशी दोन्हीकडून खडाजंगी. अशा वादात एक अडचण असते. दोन्ही बाजू तयारीने येतात आणि दोन्ही बाजू जशा आल्या तशाच घरी जातात.

त्याच वर्षी एक पुस्तक छापलं गेलं: 'यमुनापर्यटन'. लेखक बाबा पदमनजी. १८३१ मध्ये बेळगावात जन्मलेले, कासार घराण्यातले, आधी बेळगावच्या मिशन शाळेत आणि मग मुंबईत शिकलेले, काही काळ परमहंस सभेत रमलेले आणि १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेले. पुस्तकाचं पूर्ण नाव 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण'. मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून आपण तिला ओळखतो. पण लेखकाने स्वतः शब्द वापरलाय 'निरूपण'. हा कीर्तनातला शब्द आहे. कीर्तनात पूर्वरंगात निरूपण असतं आणि उत्तररंगात आख्यान. आधी तत्त्व, मग त्याला धरून गोष्ट. बाबा पदमनजींनी उलट केलं, आख्यानालाच निरूपण म्हटलं. गोष्ट हेच तत्त्व.

कथा साधी आहे. यमुना शिकलेली तरुणी, मनाने ख्रिस्ती झालेली. ती नवरा विनायक याच्याबरोबर प्रवास करते. जागोजागी विधवा भेटतात. कुणाचं केशवपन झालंय, कुणाला घरात मोलकरणीसारखं राबवलं जातंय, कुणाला फसवलं गेलंय. यमुना ऐकते. मग प्रवासातच विनायक मरतो आणि जिच्या डोळ्यांनी आपण विधवा पाहत होतो, ती स्वतःच विधवा होते. वाचकाच्या पायाखालची जमीन सरकते. आतापर्यंत तो परक्या बायकांची हकीकत वाचत होता. शेवटी यमुना बाप्तिस्मा घेते आणि तिचा पुनर्विवाह होतो.

विधवाविवाहाचा कायदा झाला जुलै १८५६ मध्ये. म्हणजे कादंबरी कायद्यानंतर लगेचची. पण ब्राह्मण समाजातला जो पुनर्विवाह मुंबईत गाजला, ज्यावरून बहिष्काराचं वादळ उठलं, तो झाला १८६९ मध्ये. मधली बारा वर्षं हे लग्न मुख्यतः कुठे होतं? कागदावर. एक कायद्याच्या कागदावर आणि एक गोष्टीच्या कागदावर. आज आपण कल्पित साहित्य म्हटलं की अंतराळयान आणि यंत्रमानव आठवतो. पण १८५७ च्या घरात पुन्हा कुंकू लावलेली विधवा ही अंतराळयानाइतकीच अशक्य गोष्ट होती. बाबा पदमनजींनी ती घडलेली दाखवली.

इथेही खोट आहे, तीही सांगतो. लेखकाला यमुनेसाठी एकच दार दिसतं, बाप्तिस्म्याचं. ज्या विधवा हिंदू राहूनच माणसासारखं जगू पाहत होत्या, त्यांच्यासाठी पुस्तकात वाट नाही. बोध देण्याच्या घाईत कधीकधी पात्रांच्या तोंडी प्रवचन येतं. पण आज दीडशेहून जास्त वर्षांनी वाचताना प्रवचनं मागे पडतात आणि त्या बायका राहतात. समुद्रकिनाऱ्यावरचा वाद कोण जिंकलं, याची आज फारशी कुणाला फिकीर नाही. यमुना मात्र विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आहे.

चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि मराठी कादंबरी काही काळ अद्भुताच्या, योगायोगांच्या वाटेने गेली. त्यामुळे गंमत अशी झाली, की ज्यांच्यावर परक्या स्वर्ग-नरकाच्या कथा आणल्याचा आरोप होता, त्या ख्रिस्ती लेखकाच्या पुस्तकात घरातलं वास्तव होतं.

आजीची भाकरी

यानंतर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव घ्यावंच लागतं. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले, पण ओवी, अभंग आणि कीर्तन त्यांनी सोडलं नाही. येशूचं चरित्र 'ख्रिस्तायन' या महाकाव्यात लिहायला घेतलं आणि ते अपुरं ठेवून १९१९ मध्ये गेले. मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहून पुरा केला. त्याही १९३६ मध्ये गेल्या, आणि ग्रंथ छापून आला १९३८ मध्ये. जिला लहानपणी धड शाळा मिळाली नाही, त्या बाईने महाकाव्य पुरं केलं, यापुढे मी काही बोलत नाही.

टिळकांवरून मला माझी आजी आठवते. ती नगरकडची. तिच्या घरात दोनच पुस्तकं: बायबल आणि 'उपासना संगीत'. कादंबरी हातात दिसली की म्हणायची, "ठेव ती खोट्याची पोतडी." पण रात्री गोष्ट सांगताना हीच आजी काय करायची ऐका. योनाला मोठ्या माशाने गिळलं, तो तीन दिवस पोटात होता. मी विचारायचो, "मग तो जेवला काय?" आजी क्षणभरही न अडखळता म्हणायची, "भाकरी. आईने निघताना बांधून दिली होती. आणि ठेचा." बायबलमध्ये भाकरी नाही, ठेचा तर नाहीच नाही. पण मी विचारलं होतं, आणि विचारणाऱ्याला उपाशी ठेवायचं नाही हा तिचा धर्म होता. साष्टीतल्या त्या ब्राह्मणाला मिळालं तेच मला मिळालं.

हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. १९३१ च्या सप्टेंबरात ऑक्सफर्डला तीन मित्र रात्री फिरत फिरत याच विषयावर बोलत होते. सी. एस. लुइस म्हणत होते की पुराणकथा सुंदर असल्या तरी खोट्याच. टॉल्किन म्हणत होते, नाही, माणूस गोष्टी रचतो कारण त्याला रचणाऱ्यानेच तसं घडवलंय. पुढे लुइस ख्रिस्ती झाले, १९३८ मध्ये मंगळावरच्या प्रवासाची कादंबरी लिहिली, आणि १९५० ते १९५६ या काळात 'नार्निया'ची सात पुस्तकं. त्यांतले प्राणी बोलतात. योथामची झाडंही बोलली होतीच.

दाखला

आता वहीकडे येऊ. मी त्या मुलीला काय सांगितलं?

मी तिला विचारलं, "दाखला म्हणजे काय?" ती म्हणाली, "शाळा सोडल्याचा दाखला." बरोबर. जन्माचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. तहसील कचेरीतून शिक्का मारून मिळतो तो पुरावा. आणि येशूच्या रचलेल्या गोष्टींना मराठी बायबलने दिलेला शब्दही हाच, दाखला. पुरावा आणि कल्पित गोष्ट, दोन्हींना आपल्या भाषेत एकच शब्द. ज्यांनी भाषांतर केलं त्यांनी कोट्या करायला तो वापरला नाही. कानाला तो 'दाखवणं'च्या जवळचा वाटतो. जे डोळ्यांपुढे असून दिसत नाही ते दाखवतो, तो दाखला.

म्हणून खोट्या गोष्टीची आणि खोट्या बोलण्याची परीक्षा वेगळी आहे. खोटं बोलणारा काहीतरी लपवतो. दाखला देणारा काहीतरी दाखवतो. नाथानाची मेंढी दावीदला स्वतःचं तोंड दाखवते. यमुना वाचकाला त्याच्याच माजघरातली बहीण दाखवते. आणि बेळ्ळंदूरचं बोलणारं तळं? ते मला माझ्या घरातून रोज गटारात जाणारं पाणी दाखवतं. आता सांगा, हे खोटं आहे का?

इतिहास आपल्याला दुसरी एक गोष्टही शिकवतो, आणि ती मी त्या मुलीला आवर्जून सांगितली. गोष्टीत बळ असतं, म्हणून ती सांभाळून सांगावी. दुसऱ्याच्या गोष्टी हिसकावून त्या जागी आपली ठेवायची नाही. गोष्टीत एकच दार ठेवून बाकीच्यांना बाहेर उभं करायचं नाही. आणि देवाचं नाव पुढे करून स्वतःचं मत त्याच्या तोंडी घालायचं नाही. ते काका ज्याला भीत होते ती भीती इतपत खरी आहे. ती भीती मनात ठेवून लिहावं, पण लिहावंच.

त्या ज्येष्ठ काकांशीही मी बोललो. वाद घातला नाही. त्यांना योथामची गोष्ट वाचून दाखवली आणि विचारलं, ही झाडं कुठल्या जंगलातली? ते हसले. म्हणाले, "पुढच्या वेळी पोरीला वही घेऊन यायला सांग. ऐकू तरी, तळं काय म्हणतंय."

पुढच्या प्रार्थनेला ती आली. चहा झाल्यावर तिने गोष्ट वाचली. संपली तेव्हा खोलीत थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग काकांनीच विचारलं, "मग त्या पोरीने तळ्याला काय उत्तर दिलं?"

ती म्हणाली, "ते अजून लिहायचंय."

तुमच्या घरातही कुणाची वही बंद पडली असेल तर जाऊन विचारा, पुढे काय झालं. विचारणारा असला की सांगणारा सापडतो. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.